सभासदांच्या नावांचा मेळ कसा घालावा?

(शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक व हिशेबनीस यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले भाषण)



या वर्गात काल आपण मालातील ओलावा, चाळणी आणि साठवण यांविषयी ऐकले. आज माझा विषय नावे जुळविण्याचा आहे हे कळल्यावर चहाच्या वेळी एका संचालकांनी मला विचारलेच, "गावातली माणसं आम्ही ओळखतो, त्यात शिकायचं काय?" त्यांचे म्हणणे खरे आहे. आपण माणसे ओळखता. परंतु मालाचे पैसे आता माणूस पाहून हातात दिले जात नाहीत. ते संगणकातील यादीवरून खात्यात जमा होतात, आणि यादीला माणूस ओळखता येत नाही. तिला फक्त अक्षरे दिसतात.

मी ज्या एका उत्पादक कंपनीच्या हिशेबाला मदत करतो तेथे घडलेली गोष्ट सांगतो. नावे बदलली आहेत. तुरीची खरेदी संपली होती. कंपनीकडे दोन याद्या होत्या. एक काट्यावरच्या पावत्यांची. तीत नाव, क्विंटल आणि रक्कम. दुसरी सभासदांची, तीत नाव आणि बँकेचा खाते क्रमांक. दोन्ही एक्सेलच्या तक्त्यात आणि दोन्ही इंग्रजी अक्षरांत, कारण बँकेला तशीच हवी होती. हिशेबनीस मुलाने नावावरून खाते शोधण्याचे सूत्र लावले, ते खालपर्यंत ओढले, सगळे रकाने भरले आणि यादी बँकेत पाठवली.

त्या गावात किसन शिंदे दोन. चुलत भाऊ, दोघांनाही आजोबांचे नाव ठेवलेले. एकाचे वडील बाबुराव, दुसऱ्याचे भाऊराव. मराठीत लिहिले असते तर बा. आणि भा. एवढा तरी फरक राहिला असता. इंग्रजीत दोघांच्याही वडिलांचे आद्याक्षर 'बी'. नऊ क्विंटल तुरीचे पैसे भाऊरावांच्या किसनचे होते, ते बाबुरावांच्या किसनच्या खात्यात गेले. त्याच्याकडे पीककर्जाची थकबाकी होती. रक्कम जमा होताच ती कर्जात वळती झाली. तो म्हणाला, "मी पैसे मागितले नव्हते, हातातही आले नाहीत, आता देऊ कोठून?" तेही खोटे नव्हते. दोघांत बांधावरून आधीच बोलणे बंद होते. खऱ्या मालकाला पेरणीच्या तोंडावर दुकानदाराची उधारी फेडता आली नाही. प्रकरण मिटायला पुढच्या हंगामाची तूर घरात यावी लागली.

हिशेबनीसाने लबाडी केली नव्हती. सूत्रही बिघडलेले नव्हते. व्हीलुकअप हे एक्सेलचे सूत्र यादीत वरून खाली जाते आणि पहिले नाव जुळले की थांबते. खाली दुसरा किसन आहे की नाही, हे ते पाहत नाही आणि सांगतही नाही. म्हणून दोन याद्या समोर आल्या की पहिले काम जुळवणीचे नव्हे, मोजणीचे असते. काउंटइफ या सूत्राने प्रत्येक नाव त्याच यादीत किती वेळा आले आहे ते एका रकान्यात काढा. जेथे आकडा एकपेक्षा मोठा दिसेल ती नावे आधी बाजूला काढा. त्यांची खाती सूत्राने शोधायची नाहीत. पावत्यांच्या यादीत एकाच माणसाच्या तीन पावत्या असू शकतात, तेथे आकडा तीन आला तर बिघडले नाही. सभासदांच्या यादीत मात्र दोन आला तर थांबलेच पाहिजे.

याच सूत्राचा दुसरा खड्डा सांगून ठेवतो, कारण त्यात चांगले शिकलेले लोकही पडतात. व्हीलुकअपमध्ये चार जागा भरायच्या असतात. चौथी जागा रिकामी ठेवली तरी सूत्र चालते, पण मग ते तंतोतंत जुळणी सोडून जवळपासची जुळणी करते आणि यादी अकारविल्हे लावलेली आहे असे गृहीत धरते. यादी तशी नसेल तर भलत्याच माणसाचे खाते, कोणतीही तक्रार न करता, समोर आणून ठेवते. चौथ्या जागी शून्य घालावे. मग नाव सापडले नाही तर ते तसे स्पष्ट दाखवते.

आता न सापडलेल्या नावांकडे वळू. आपल्याकडे एका माणसाचे नाव किती तऱ्हांनी लिहिले जाते ते पाहा. मारुतीचा विदर्भ-मराठवाड्यात मारोती होतो. काशिनाथ आणि काशीनाथ, पांडुरंग आणि पांडूरंग, तुळशीराम आणि तुलसीराम हे तर नेहमीचे. विष्णु आणि विष्णू यात कोणाची चूकही म्हणता येत नाही. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले, त्याआधी शिकलेल्यांनी ऱ्हस्व लिहिले आणि नंतरच्यांनी दीर्घ. शिवाय मानाचा 'राव' आणि 'बाई' कोणी लावतो, कोणी लावत नाही. सातबारावर 'भाऊराव' असतो, आधारकार्डावर नुसता 'भाऊ'. आडनाव कोठे आधी येते, कोठे शेवटी.

बायकांच्या नावांची गत याहून अवघड. माहेरच्या कागदावर वडिलांचे नाव, सासरच्या कागदावर नवऱ्याचे. काही ठिकाणी पहिले नावही लग्नात बदललेले. जमीन नावावर असलेली बाई सभासदांच्या यादीत 'कमल' असते, बँकेत 'कमलबाई' असते आणि वारसाच्या फेरफारात तिसरेच काही. माझ्या पाहण्यात, यादी जुळत नाही म्हणून पैसे अडकतात त्यांत बायका अधिक असतात. त्या कार्यालयात येऊन भांडत नाहीत, म्हणून ते लक्षातही येत नाही.

इंग्रजीत आणखी फाटे फुटतात. जाधव हे आडनाव शेवटी 'व्ही' लावून लिहितात, तर विदर्भातील पुष्कळ कागदांवर शेवटी 'ओ' असतो. ज्ञानेश्वर कोणी 'डी-एन-वाय'ने सुरू करतो, कोणी 'जी-वाय'ने. लक्ष्मणात कोठे 'एक्स' येतो, कोठे 'के-एस-एच'. वाघ 'डब्ल्यू'ने किंवा 'व्ही'ने. यात माणूस एकच असतो, पण संगणकाला दोन दिसतात.

यावर उपाय म्हणजे नाव न बदलता नावाची एक साधी प्रत तयार करणे. मूळ रकान्याला हात लावू नका. तो कागदपत्राचा पुरावा आहे. शेजारी 'जुळणीचे नाव' असा नवा रकाना घाला आणि जी काही छाटणी करायची ती त्यात करा. प्रथम ट्रिम या सूत्राने आधीच्या, नंतरच्या आणि मधल्या जादा मोकळ्या जागा काढा. मग दीर्घ वेलांटी-उकार ऱ्हस्व करून टाका, टिंबे आणि स्वल्पविराम काढा. शुद्धलेखनाच्या दृष्टीने ते नाव विचित्र दिसेल, दिसू द्या. ते कोणाला वाचून दाखवायचे नाही.

'श्री', 'राव' आणि 'बाई' काढताना मात्र घाई नको. एका ठिकाणी सब्स्टिट्यूट सूत्राने 'श्री' पुसून टाकला, तेव्हा श्रीरंगाचा नुसता रंग झाला आणि श्रीकांताचा कांत. 'राव' पुसल्यावर रावसाहेबांचे साहेब राहिले. आम्ही हसलो खरे, पण ते तक्ते पुन्हा करावे लागले. 'श्री'नंतर मोकळी जागा असेल तरच तो काढावा, आणि 'राव' शब्दाच्या शेवटी असेल तरच.

मराठी अक्षरांत एक चोरदार आहे. कुऱ्हाडे हे आडनाव घ्या. त्यातला ऱ्ह संगणकावर दोन रीतींनी टंकता येतो, आणि पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. आत मात्र वेगवेगळ्या खुणा साठवल्या जातात. एका रीतीत तर डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह मध्ये बसलेले असते. दोन कुऱ्हाडे समोरासमोर ठेवून तुम्ही शपथेवर सांगाल की नाव एकच आहे, आणि संगणक म्हणेल नाही. ट्रिम हे चिन्ह काढत नाही. त्यासाठी सब्स्टिट्यूट सूत्रात युनिचार ८२०५ आणि युनिचार ८२०४ ही दोन अदृश्य चिन्हे काढायला सांगावे लागते. एवढ्यानेही दोन्ही रीती एक होत नाहीत. म्हणून 'जुळणीचे नाव' या रकान्यात नुक्त्याचा 'ऱ' साध्या 'र'मध्ये बदलून घ्यावा. बँकेच्या किंवा संकेतस्थळावरच्या यादीतून उतरवलेल्या नावात कधी कधी न तुटणारी मोकळी जागा असते. तिचा क्रमांक १६०, आणि तीही ट्रिमला दाद देत नाही.

ज्यांच्याकडे १९९० च्या दशकातील किंवा त्यानंतरच्या काही वर्षांतील जुन्या याद्या आहेत त्यांच्यासाठी एक सूचना. त्या काळी श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटमध्ये टंकलेले मराठी हे आतून परक्या खुणांचेच असे. दुसऱ्या संगणकावर उघडले की नुसती रांगोळी दिसते. अशी यादी आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी आणि बदलल्यावर एकदा डोळ्यांखालून घालावी, कारण जोडाक्षरे बदलताना तुटतात.

एवढे केल्यावर बरीच नावे जुळतात. उरलेल्यांसाठी 'जवळचे नाव' शोधणारी साधने आहेत. नव्या एक्सेलमधील पॉवर क्वेरीत तशी सोय आहे. तिला फझी जुळवणी म्हणतात, आणि ती मुळात ०.८ इतके साम्य असले की नाव स्वीकारते. ही साधने कशी चालतात ते थोडे समजून घ्या, म्हणजे त्यांच्यावर किती विसंबायचे ते कळेल.

सर्वांत जुनी रीत साउंडेक्स. रॉबर्ट रसेल या अमेरिकन गृहस्थांना १९१८ साली तिचे पेटंट मिळाले आणि पुढे अमेरिकेच्या जनगणनेतील नावांच्या सूची लावायला ती वापरली गेली. नावाचे पहिले अक्षर ठेवायचे, स्वर सोडून द्यायचे आणि सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. ती इंग्रजी नावांसाठी केलेली आहे. आपल्या नावांवर लावून पाहिली तर शिंदे यांचा संकेत एस-५३० येतो आणि सावंत यांचाही एस-५३० येतो. दोघे एक झाले! उलट 'डब्ल्यू'चा वाघ आणि 'व्ही'चा वाघ यांचे संकेत वेगळे पडतात, कारण पहिले अक्षर वेगळे. म्हणजे ज्यांना जोडायचे ते तुटले आणि ज्यांना तोडायचे ते जुळले.

दुसरी रीत रशियन गणितज्ञ व्लादिमीर लेव्हेन्श्टाइन यांनी १९६५ साली मांडली. एका शब्दाचा दुसरा शब्द करण्यासाठी किती अक्षरे बदलावी, घालावी किंवा गाळावी लागतात ते मोजायचे. ही अधिक उपयोगी आहे. पण आपल्याकडे भावांची नावे यमक जुळवून ठेवण्याची हौस मोठी. सुरेश आणि सुदेश यांत इंग्रजीत एकाच अक्षराचा फरक आहे, आणि ते दोन सख्खे भाऊ असू शकतात. ज्ञानेश्वर दोन तऱ्हांनी लिहिला तर फरक दोन अक्षरांचा पडतो, आणि माणूस मात्र एकच. मग सांगा, किती अक्षरांपर्यंतचा फरक माफ करायचा? याला गणितात उत्तर नाही. अशा साधनाने काढलेली जोडी ही विचारण्यासारखी जोडी समजावी, पैसे पाठवण्यासारखी नव्हे.

येथे दोन चुकांतला फरक ध्यानात घ्या. जुळायला हवे ते नाव जुळले नाही, तर सभासद दूरध्वनी करतो, विचारतो, रागावतो, आणि आठवड्यात दुरुस्ती होते. चुकीचे नाव जुळले, तर कोणालाच काही कळत नाही, आणि कळते तेव्हा पैसे खर्च झालेले असतात. म्हणून आमच्याकडे आता असा दंडक आहे की नावाबरोबर दुसरी एक खूण जुळल्याखेरीज रक्कम पाठवायची नाही.

दुसरी खूण कोणती घ्यावी? गावाचे नाव पुरत नाही, आपण पाहिले की दोन्ही किसन एकाच गावचे. आठ-अ वरचा खाते क्रमांक चांगला, मात्र गावाच्या नावासह, कारण तो गावापुरताच असतो. आणि सामाईक खात्यात अनेक भाऊ येतात, तेथे तो पुरत नाही. भ्रमणध्वनी क्रमांक सोयीचा, पण एकाच घरात तीन सभासद आणि क्रमांक मुलाचा, असे सर्रास आढळते. बँक खात्याचे शेवटचे चार अंक किंवा आधारचे शेवटचे चार अंक हे मला सर्वांत बरे वाटतात. आधार क्रमांक पूर्ण लिहू नका. यादी दहा हातांतून जाते, व्हॉट्सॲपवर फिरते. चार अंकांनी आपले काम भागते.

आकड्यांनाही एक्सेलमध्ये जपावे लागते. ते १५ अंकांपर्यंतच संख्या धरून ठेवते. सोळा अंकी खाते क्रमांक साध्या रकान्यात टाइप केला की शेवटच्या अंकाचा शून्य होतो, आणि मूळ अंक परत मिळत नाही. सुरुवातीला शून्य असेल तर तोही गळतो. गट क्रमांक १२/२ लिहिला की त्याची तारीख होऊन बसते. एका तालुक्यात अर्धे गट फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलेले मी पाहिले आहेत! म्हणून आकडे भरण्यापूर्वी तो रकाना निवडून त्याचा प्रकार 'टेक्स्ट' करून ठेवावा. नंतर करून उपयोग नाही. आणखी एक गोष्ट. काउंटइफ सोळा अंकी क्रमांकांवर लावले तर ते शेवटचा अंक दुर्लक्षून दोन वेगळी खाती एकच समजते. एकाच दिवशी एकाच शाखेत उघडलेल्या खात्यांत असे होऊ शकते. प्रत्येक क्रमांकाआधी 'ख' अक्षर जोडून मग मोजावे, म्हणजे ही चूक टळते.

आता मुळावरचा उपाय. कंपनी कायद्यात २००२ साली उत्पादक कंपन्यांची तरतूद आली. सभासदांची नोंदवही आपल्याला ठेवावीच लागते, आणि तीत प्रत्येकाला क्रमांक असतो. तो नोंदवहीत निजलेला असतो, एवढेच. तो बाहेर काढा. काट्याच्या पावतीवर, बियाण्याच्या बिलावर, सभेच्या हजेरीपत्रकावर नावाआधी तो लिहा. पावती फाडणाऱ्याने "नंबर किती?" असे विचारले पाहिजे. पहिल्या हंगामात लोक वैतागतात. आमच्याकडे एक आजोबा म्हणाले, "चाळीस वर्षं ओळखतोस, अन् नंबर विचारतोस?" त्यांना छोटे कार्ड छापून दिले; आता तेच आधी कार्ड पुढे करतात. एकदा दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्याला देऊ नये, सभासद वारला तरी. वारसाला नवा क्रमांक द्यावा आणि जुन्यासमोर तशी नोंद करावी.

महाराष्ट्रात ॲग्रीस्टॅकखाली शेतकरी ओळख क्रमांक मिळू लागला आहे. तो ज्यांनी काढला आहे त्यांचा सभासदांच्या यादीत एक वेगळा रकाना ठेवावा. तो काढतानाही आधारवरचे आणि सातबारावरचे नाव ताडले जाते, म्हणून ज्यांच्या दोन कागदांत फरक आहे त्यांची अडचण तेथेही उभी राहते. पीएम-किसानचा २,००० रुपयांचा हप्ता नावातील फरकामुळे अडकलेले शेतकरी या सभागृहातही असतील. सातबारावर संगणकीकरणात किंवा फेरफारात हस्तदोष झाला असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. जुना हस्तलिखित सातबारा व संबंधित फेरफाराची प्रत सोबत जोडावी. कोणता कागद कोणत्या कागदासारखा करायचा ते आधी ठरवून मगच अर्ज करा. आधी आधार बदलले, मग बँक बदलली, मग पुन्हा आधार, असे हेलपाटे घालणारे पाहतो तेव्हा वाईट वाटते.

सूत्रांनी सगळे करूनही काही नावे उरतातच. ती आम्ही कागदावर छापून मासिक सभेत मोठ्याने वाचतो. पडद्यावर तासभर न उलगडलेले नाव कोणीतरी मागच्या ओळीतून दोन शब्दांत सांगतो: "तो आमच्या आळीतला, कागदावर दगडू, घरात सगळे आण्णा म्हणतात." किंवा, "ती बाई आता मुलीकडे राहते, खातं तिथल्या बँकेत." प्रत्येक नावासमोर कोणी ओळख दिली त्याची सही घेतो आणि तारीख टाकतो. रक्कम मात्र त्या सभासदाशी स्वतः बोलल्यावरच सोडतो.

एका भगिनींनी चिठ्ठी पाठवली आहे: खरेदीच्या गर्दीत हे सारे करायला वेळ कोठून आणायचा? गर्दीत होणार नाहीच. हे वैशाखाचे काम आहे, नांगरट झाल्यावर आणि पेरणीआधी. तेव्हा यादी स्वच्छ करून ठेवली तर खरेदीच्या वेळी फक्त नव्या सभासदांची भर घालायची राहते.

दुपारच्या सत्रात संगणक कक्षात आपण आपापल्या कंपनीच्या याद्या घेऊन बसणार आहोत. यादी पेन ड्राइव्हवर आणली असेल तर तिची एक प्रत आधी काढून ठेवा. ज्यांच्याबरोबर गावातील एखादे जुने संचालक आले आहेत त्यांनी त्यांनाही शेजारी बसवावे, त्यांची गरज पडेल.